जाहिरातीत नसलेला माणूस

३ मार्च, सोमवार

आज तळमजला सुरू झाला. म्हणजे पाहुण्यांना घरं भाड्याने देणाऱ्या अ‍ॅपवर दिसायला लागला. दोन खोल्या, स्वतंत्र दार, न्हाणीघर, चहापुरता ओटा, आठ फोटो. फोटो मीच काढले. विमा कंपनीसाठी सव्वीस वर्षं ठोकलेल्या गाड्यांचे फोटो काढतोय, त्यामुळे हात हलत नाही. ही बघून म्हणाली, "छान आहेत, पण खोलीत कुठेतरी नुकसान झालंय असं वाटतं."

या खोल्यांत बाबांचा दवाखाना होता, एक्केचाळीस वर्षं. आठ वर्षांपूर्वी हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनीच बंद केला. नंतर तिथे रद्दी आणि आमच्या मुलीची सायकल राहायची. मुलगी शिकायला परगावी गेली, घर एकदम मोठं झालं आणि माझ्या डोक्यात ही कल्पना आली. दारावरची पाटी मागच्या आठवड्यात काढली. बाबांनी विचारलं, "पाटी कुठे गेली?" म्हटलं, "रंगवायला दिलीय." पटलं त्यांना. परवा पुन्हा विचारलं. पुन्हा पटलं.

पाहुण्यांसाठी सतरा नियम लिहिलेत. क्रमांक तीन महत्त्वाचा: नोंदवलेल्या माणसांखेरीज कोणी राहायचं नाही. क्रमांक नऊ: कोपऱ्यातल्या कुलूपबंद कपाटाला हात लावायचा नाही. त्यात बाबांचं जुनं सामान आहे आणि ते हलवायला गेलं की बाबा कासावीस होतात. हिने यादी वाचून विचारलं, "हे नियम आहेत की आरोपपत्र?" मी म्हटलं, संधी मिळाली की माणूस खोटं बोलतो, हे शिकायलाच मला पगार मिळतो.

आमच्या घरातून खाली उतरणारा आतला जिना आहे. त्याच्या दाराला कडी फक्त आमच्या बाजूने ठेवलीय. पाहुणे वर येऊच शकत नाहीत. सुरक्षेचा प्रश्न मिटला.

९ मार्च, रविवार

पहिले पाहुणे गेले. तरुण जोडपं. खोली सोडायची वेळ अकरा, सोडली पावणेएकला. गादीवर बसून खाल्लं (नियम सात), ओले टॉवेल खुर्चीवर (नियम बारा). तरी मी हसून निरोप दिला. चार स्टार आले. "जागा नीटनेटकी. सकाळी आजोबांनी झोप लागली का म्हणून विचारपूस केली, बरं वाटलं." एक स्टार का कापला ते लिहिलेलं नाही.

बाबा सकाळी फाटकाशी उभे असतात, तिथे भेट झाली असणार. अंगात सौजन्य आहे त्यांच्या.

अ‍ॅपवर 'उत्तम यजमान' अशी पदवी असते. सहा महिने सरासरी टिकवली की नावापुढे छोटं पदक लागतं. पंचावन्नाव्या वर्षी हे लिहायला लाज वाटते, पण मला ते हवंय. मी क्लेम मंजूर केला तर लोक म्हणतात, आमचा हक्कच होता. नामंजूर केला तर काय म्हणतात ते वहीतही लिहिण्यासारखं नाही. बाबांकडे मात्र लोक बरे झाल्यावरही नुसते भेटायला यायचे.

१८ मार्च, मंगळवार

दोन स्टार. पाहुणा पाण्याचे पंप विकणारा, एकटाच होता. त्याचा मजकूर जसाच्या तसा उतरवतो: "सकाळी सहाला डोळे उघडले तर एक वयस्कर गृहस्थ पलंगाच्या कडेला बसून माझी नाडी मोजत होते. गळ्यात स्टेथोस्कोप. 'ताप उतरलाय, उद्या घरी सोडतो' म्हणाले आणि गेले."

मी हा मजकूर चार वेळा वाचला. ज्याची गाडी खरंच ठोकली जाते तो मोघम बोलतो. 'कळलंच नाही साहेब, एकदम झालं,' असं. खोटा क्लेमवाला तपशील पुरवतो. स्टेथोस्कोप! पलंगाची कडा! काही सवलत उकळायचा बेत दिसतो.

तरी नियमाप्रमाणे चौकशी केली. "बाबा, काल सकाळी तुम्ही खाली गेला होतात का?"

पेपरातून मान वर न करता ते म्हणाले, "सहाला? मी कशाला जाईन? पेशंट आठनंतर येतात."

स्वच्छ नकार. अ‍ॅपवर सौम्य शब्दांत उत्तर टाकलं की असा काही प्रकार घडलेला नाही.

लिहिता लिहिता एक लक्षात आलं. सहाची वेळ मी त्यांना सांगितली नव्हती. बहुधा सांगितली असेन.

२४ मार्च, सोमवार

बाबांनी आज मला "कंपाउंडर" म्हणून हाक मारली. त्यांचा कंपाउंडर जाऊन दहा वर्षं झाली. थट्टेच्या मूडमध्ये होते.

२७ मार्च, गुरुवार

पुन्हा तीच थट्टा.

७ एप्रिल, सोमवार

याला म्हणतात पाहुणे. नोंदणी दोघांची, आले सात. सोबत कुत्रा. कुत्र्याला न्हाणीघरात आंघोळ, माझ्या टॉवेलने पुसला. टेबलावर इस्त्री ठेवून तिचा आख्खा ठसा उमटवला. पलंगाचा पाय मोडून खाली विटा लावल्या आणि वर चादर ओढून ठेवली, म्हणजे मला दिसू नये. मला! आयुष्यभर मी लोकांच्या गाड्यांचे पोचे पुट्टीच्या आणि रंगाच्या थराखालून शोधून काढले आहेत.

सव्वीस फोटोंसह तक्रार केली. अ‍ॅपने दोन्ही बाजू ऐकल्या आणि प्रकरण मिटल्याचं मलाच कळवलं. वर त्यांचा एक स्टार. "जागेला औषधांचा वास येतो. मालक खिडकीतून बघत राहतो. आजोबा तेवढे मस्त. आम्हा सातही जणांना ओळीने बसवून जिभा बघितल्या."

मी छापून काढलं, 'सातही' या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि हिला दाखवलं. "बघ, लेखी कबुली."

हिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'जिभा बघितल्या' या शब्दांखाली रेघ मारली.

मी म्हटलं, "विषय काय चाललाय?"

ती म्हणाली, "तोच."

२१ एप्रिल, सोमवार

मधल्या दोन पाहुण्यांनी बरे स्टार दिले, सरासरी जरा वर आली होती. आज पुन्हा बसली. दोघी मैत्रिणी, फिरायला आलेल्या. तीन स्टार. "न्हाणीघराच्या दारावर थाप मारून कोणी गृहस्थ 'अगं, आवर की, किती वेळ' म्हणत होते. दार उघडल्यावर आम्हालाच विचारलं, ही कुठे गेली?"

आई जाऊन पाच वर्षं झाली.

बाहेरच्या दाराला कुलूप लावावं, असा नियम सहा आहे. तो यांनी पाळला नसणार. दार उघडं टाकलं तर कोणीही येणार. तसं उत्तर टाकलं. टाकल्यावर पाहिलं तर त्यांनी 'आतल्या जिन्याच्या दारातून' असंही लिहिलेलं होतं.

२३ एप्रिल, बुधवार

ताईचा फोन. एवढ्या लांब बसून ती अ‍ॅपवर आमचे रिव्ह्यू वाचते.

"अरे, बाबांना कोणाला तरी दाखव."

"काय दाखवू? ब्याऐंशी वय आहे. चष्मा तर मीही शोधतो."

"चष्मा शोधणं वेगळं. रविवारी त्यांनी फोनवर मला दोनदा विचारलं, आई कुठेय?"

"तू काय सांगितलंस?"

"मी रडले. तू काय सांगतोस?"

मी सांगतो, बाहेर गेलीय, येईल. हे ताईला नाही सांगितलं. म्हटलं, "डॉक्टरला डॉक्टरकडे न्यायचं, त्यांना काय वाटेल?"

"त्यांना की तुला?" म्हणाली आणि फोन ठेवला. ताई लहानपणापासून अशीच. शेवटचं वाक्य तिचं पाहिजे.

२ मे, शुक्रवार

अ‍ॅपचा इशारा आला: सरासरी ३.२. तीनच्या खाली गेली तर जाहिरात आपोआप बंद.

जेवताना ही म्हणाली, "आतल्या दाराला खालच्या बाजूनेही कडी लावून घ्या. सुतार अर्ध्या तासात लावेल."

"पाहुण्यांच्या बाजूने कडी? मग मला अडचणीच्या वेळी आत कसं जाता येणार?"

"तुम्हाला नाही हो. बाबांना."

"बाबा जात नाहीत."

"मग रोज साडेसहाला त्या दाराची कडी मी कोणासाठी परत लावते?"

ही पहाटे उठून वाचनालयाच्या कामाला जाते, तिच्या हातून कडी राहून जात असेल. तसं म्हणावंसं वाटलं, पण तिच्याकडे बघून म्हटलं नाही. बाबा शांतपणे भात कालवत होते. म्हणाले, "भांडू नका. पेशंटच्या कानावर जातं."

सुताराला बोलावलं नाही. उद्या बघू.

१३ मे, मंगळवार

काल संध्याकाळी एक बाई आली. नोंदणी एकाच माणसाची, काम कॉलेजात मुलाखत. आज सकाळी गॅलरीतून खाली पाहिलं तर दोरीवर बाळाची दुपटी वाळत होती आणि एक वयस्कर बाई ती झटकत होती. म्हणजे एकाची झाली तीन. नियम तीन! संध्याकाळी समोरासमोर बोलायचं आणि मग सडेतोड अभिप्राय लिहायचा असं ठरवून कामावर गेलो. एक ट्रक बघायचा होता. त्याच्या खाली आडवा पडलेलो असताना फोन वाजला.

"तुमचे वडील इथे आहेत," ती बाई म्हणाली. "लगेच या."

"इथे म्हणजे?"

"माझ्या खोलीत. या, मग बोलू."

वाटेत मी नियम तीनवरचं भाषण मनात तयार केलं. चांगलं झालं होतं.

आत गेलो. बाबा खुर्चीत बसले होते. पायजम्यावर त्यांचा पांढरा कोट, बटणं एक घर चुकून लावलेली, गळ्यात स्टेथोस्कोप. कोपऱ्यातलं कपाट सताड उघडं, किल्ली त्यांच्याच गळ्यातल्या दोऱ्याला, जानव्यासारखी. ती तिथे असते हे मला माहीत नव्हतं. समोर त्या बाईची आई, मांडीवर बाळ. बाळाचे गाल तापाने लाल झालेले.

"घाबरायचं कारण नाही," बाबा सांगत होते. "दर सहा तासांनी द्या. अंगावर जाड काही घालू नका. दूध घेतंय ना? मग झालं."

त्या बाईने मला दाराबाहेर घेतलं आणि हातात एक बाटली दिली. तापाचं पातळ औषध. झाकण आजच उघडलेलं, कडेला साखर धरलेली. मुदत संपल्याची तारीख वाचली. आठ वर्षांपूर्वीची.

"दिलंत?"

"नाही. मला वाचता येतं. त्यांच्यासमोर हो म्हणाले, चमचाही आणला. ते कपाटाकडे वळले तेव्हा बाटली ओढणीखाली घेतली."

मी तारीख पुन्हा वाचली. मग तोंडातून निघालं ते हे: "तुम्ही नोंदणी एकाच माणसाची केली होती."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. रागावली होती, पण आवाज चढवला नाही.

"केली होती. बाळाला टाकून मुलाखतीला येता येत नव्हतं आणि बाळ म्हटलं की जागा मिळत नाही. म्हणून खोटं बोलले. मी दोन माणसं लपवली, तुम्ही एक. जाहिरातीत तुमच्या वडिलांबद्दल एक अक्षर नाही."

"ते कधी..."

"मुलाखतीची वेळ साडेदहाची होती. बाळ तापलं म्हणून मी थांबले. गेले असते तर इथे आई एकटी होती. तिला जवळचं दिसत नाही. समोर कोट घातलेला डॉक्टर आहे, प्रेमाने बोलतोय. तिने काय केलं असतं?"

भाषण विसरलो होतो.

तिघांना गाडीत घालून बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. साधा ताप निघाला. बाबांनी औषधाची चिठ्ठी लिहून दिली होती, माझ्या सतरा नियमांच्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर. डॉक्टरीणबाईंनी ती वाचली. "वजनाप्रमाणे मात्रेत थेंबाचीही चूक नाही. कोणी लिहिलीय?"

"माझ्या वडिलांनी."

"प्रॅक्टिस करतात अजून?"

"हो," मी म्हणालो. का म्हणालो, कळत नाही. ती बाई शेजारीच उभी होती. तिने ऐकलं आणि मला खोटं पाडलं नाही.

परत आल्यावर कपाट रिकामं केलं. दोन पोती निघाली. बाबा दाराशी उभे राहून बघत होते. म्हणाले, "स्टॉक मोजून घेताय का, कंपाउंडर?" मी म्हटलं, "हो डॉक्टर." मग सुताराला फोन केला. त्याने संध्याकाळी कडी लावून दिली.

२७ मे, मंगळवार

अभिप्राय द्यायची चौदा दिवसांची मुदत आज संपली. रोज दहादा फोन बघत होतो. तिने काही लिहिलं नाही. मीही नाही. मुलाखत पुन्हा घेतली का तिची, हे विचारायला हवं होतं. नंबर आहे माझ्याकडे.

२८ मे, बुधवार

खरं तर अ‍ॅपकडे अपील करायला बसलो होतो. कमी स्टारच्या तीन अभिप्रायांनी माझी सरासरी अन्यायाने खाली आणली, असा मुद्दा होता. क्लेमची फाईल लावतात तशी पहिल्या अभिप्रायापासून लावली. तारखेप्रमाणे, एकाखाली एक.

मार्च, पहिले पाहुणे: झोप लागली का, अशी विचारपूस. त्यानंतर आठ दिवसांनी नाडी. एप्रिलच्या सुरुवातीला जिभा. तिसऱ्या आठवड्यात आईला शोधत होते. मे महिन्यात औषध.

साक्षीदार एकमेकांना ओळखत नाहीत. कोणी पंप विकतो, कोणी कुत्रा आणतो. एकाला दुसऱ्याचं वाचायची गरज नव्हती. प्रत्येकाने जे पाहिलं तेवढंच लिहिलंय आणि नुकसान प्रत्येक वेळी थोडं वाढलेलं आहे. त्याखाली माझी तीन उत्तरं. असा प्रकार घडलेला नाही. घडलेला नाही. दार तुम्हीच उघडं टाकलं असेल.

ही फाईल दुसऱ्या कोणाची असती तर मी दहा मिनिटांत क्लेम मंजूर केला असता आणि ती उत्तरं लिहिणाऱ्या माणसाला बोलावून विचारलं असतं, तुम्ही काय लपवताय?

हिच्यासमोर फाईल ठेवली. तिने सगळी वाचली, पहिल्यापासून. तिला हे सगळं आधीच पाठ होतं, तरी वाचली. मी म्हटलं, "खरं बोलतायत सगळे."

ती म्हणाली, "मग सही करा."

ताईला फोन लावला. तिला रागावायला पुरेसं कारण होतं. ती रागावली नाही, त्याचं जास्त लागलं.

१ जून, रविवार

जाहिरात बंद केली. अ‍ॅपने कारण विचारलं आणि निवडायला यादी दिली. पाहुण्यांचा त्रास, दुरुस्तीचं काम, जागा विकली. मी 'जागेचा वापर कुटुंबातील व्यक्ती करत आहे' यावर बोट ठेवलं. ३.२ सरासरीवर कारकीर्द संपली. पदक राहूनच गेलं.

नंतर पंपवाल्याला निरोप पाठवला की तुम्ही लिहिलेलं खरं होतं, मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. त्याचं तासाभराने उत्तर आलं: "ठीक आहे. आजोबा कसे आहेत?" सात जणांना काही पाठवलं नाही. टेबलावरचा इस्त्रीचा ठसा अजून मला दिसतो.

९ जून, सोमवार

बाबांना मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण आहे, चाळिशीचा. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले. कुठे चाललोय असं विचारलं तेव्हा मी बाहेर, फिरायला असं काही सांगणार होतो. म्हटलं, "डॉक्टरकडे, बाबा. तुम्हाला तपासायला." ते "बरं" म्हणाले.

डॉक्टरने विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?"

बाबा म्हणाले, "आधी पेशंटला बसा म्हणायचं असतं."

डॉक्टर ओशाळला. बसा म्हणाला. मग वार विचारला, महिना विचारला, घड्याळ काढायला लावलं. बाबांनी गोल सुरेख काढला. आकडे सगळे एका बाजूला गेले. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिलो. नंतर डॉक्टरने मला एकट्याला बसवून पाऊण तास समजावलं. आजाराचं नाव सांगितलं, पुढे काय काय होत जाईल ते सांगितलं. किती दिवसांपासून लक्षात आलंय, असं विचारलं. मी मार्च म्हणालो. तो म्हणाला, "त्याच्या बराच आधीपासून असणार." पाटीचं आठवलं. त्याच्याही आधीचं बरंच आठवलं.

परत येताना बाबा पुढच्या सीटवर होते. सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "काय निघालं?"

मी इंजिन बंद केलं आणि सांगितलं. आजाराचं पूर्ण नाव सांगितलं. हा बरा होत नाही, गोळ्यांनी थोडा सावकाश होतो, हेही सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मध्ये एकदा मान हलवली, एखादी केस ऐकताना हलवायचे तशी.

"वय?"

"ब्याऐंशी."

"हं," ते म्हणाले. "घरच्यांना सांगितलंत का?"

"आज सांगितलं."

"कसं घेतलं त्यांनी?"

"मुलाने मानायलाच वेळ लावला."

"लावतात," बाबा म्हणाले. "मुलगे जास्तच लावतात. त्याला बोलू नका फार."

सिग्नल सुटला होता. मागचे हॉर्न वाजवत होते. बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्यांना थांबायला सांगितलं.